घरी जोडलेला स्वयंचलित सिंचन संच: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः सेन्सरच्या दोन काट्यांविषयी

कुंडीतील मातीचा ओलावा मोजून स्वतःच पाणी घालणारा संच घरी जोडण्याचा उद्योग एव्हाना इतक्यांनी केलेला आहे की आर्डुइनो (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड), रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि पाच व्होल्टचा छोटा पंप यांची नव्याने ओळख करून देत नाही. लिहिण्याचे निमित्त असे की, बरेच महिने सुरळीत चालल्यावर एके सकाळी माती ओलीचिंब असतानाही पंप चालूच राहिला आणि कुंडीखालची ताटली भरून पाणी जमिनीवर पसरले.

पहिला संशय अर्थातच रिलेवर गेला, पण रिले ठणठणीत निघाला. मातीत खोचलेला दोन काट्यांचा ओलावा-सेन्सर उपसला तेव्हा उलगडा झाला: दोन काट्यांपैकी एकावरचे तांबे जवळपास नाहीसे झाले होते, तर दुसरा काटा बऱ्यापैकी शाबूत होता. या असमान झिजेतच कारण दडलेले आहे. हा सेन्सर मातीतून वीज सोडून तिचा रोध मोजतो. वीज सतत एकाच दिशेने वाहिली की ओल्या मातीत विद्युत अपघटन होते आणि धनाग्र (विजेचे धन टोक) ठरलेल्या काट्याचे तांबे विरघळून मातीत उतरते. काटा झिजला की वीज कमी वाहते, त्यामुळे आर्डुइनोला माती कोरडी वाटते आणि तो आणखी पाणी सोडतो. म्हणजे सेन्सर निकामी होताना संच थांबत नाही, उलट झाड बुडवू लागतो. स्वस्त वस्तू बिघडणारच, याबद्दल माझी तक्रार नाही. पण बिघाडाची ही दिशा मला अक्षम्य वाटते.

विक्रेत्याला कळवले असता, सेन्सर ही झिजणारी वस्तू असल्याने तिला हमी लागू होत नाही, असे उत्तर आले. हे जर आधीपासून ठाऊक होते, तर संचासोबतच्या आकृतीत सेन्सर थेट पाच व्होल्टला जोडलेला का दाखवला आहे? त्या जोडणीत काटे अहोरात्र झिजत राहतात.

रागाच्या भरात मी हा सेन्सर कायमचा बाद ठरवला होता, परंतु ते मत आता काहीसे सौम्य करावे लागत आहे. तसाच एक कोरा सेन्सर पडून होता आणि तो टाकून देणे जिवावर आले, म्हणून त्याला आर्डुइनोच्या एका डिजिटल पिनमधून (प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या टोकातून) वीज दिली. तासाभराने पिन चालू करायची, क्षणभर थांबून आकडा वाचायचा आणि लगेच पिन बंद करायची, एवढाच बदल केला. प्रोग्रॅममध्ये दोन-तीन ओळी वाढल्या, खर्च काहीच नाही, आणि काटे थोडे काळवंडले असले तरी तांबे अजून जागेवर आहे. (पंपाला मात्र असे पिनवरून चालवू नये, ऊनो आर3 या आर्डुइनो बोर्डाच्या एका पिनची कमाल मर्यादा 40 मिलिअँपिअर असते आणि पंप त्याहून बराच अधिक प्रवाह ओढतो.)

दुसऱ्या कुंडीत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मोजणारा काळा सेन्सर लावला आहे. त्याचे तांबे लेपाखाली झाकलेले असल्याने मातीशी थेट संपर्क येत नाही आणि वर सांगितलेली झीज टळते. तरीही तो निर्दोष नाही: पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि तिथून ओल आत झिरपते, म्हणून कडांवर नखपॉलिशचे दोन हात द्यावेत. शिवाय काही स्वस्त नकलांवर टीएलसी 555 ऐवजी एनई 555 ही चिप असते. तिला किमान 4.5 व्होल्ट लागत असल्याने 3.3 व्होल्टवर ती भरवशाने चालत नाही. चिपवरची अक्षरे वाचूनच सेन्सर घ्यावा.

पंपाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. तो कोरडा चालू देऊ नये, आणि बादलीतील पाण्याची पातळी नळीच्या तोंडापेक्षा खाली ठेवावी, नाहीतर पंप बंद झाल्यावरही वक्रनलिकेप्रमाणे (सायफन) पाणी वाहत राहते.

एवढ्या कमी खर्चात हा संच मला अजूनही फायद्याचा वाटतो, मात्र पुढच्या वेळी सुटे भाग घेईन आणि काट्यांच्या सेन्सरवर पैसे घालवणार नाही. तोवर प्रोग्रॅममध्ये एक अट घालून ठेवली आहे: सेन्सर काहीही सांगो, पंप एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही आणि पुढचा तासभर पुन्हा सुरू होणार नाही.