सेकंडहँड लाँगआर्म मशीन, पडवीचा उतार आणि चौदा महिन्यांचा हिशोब

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. माझी मशीन सेकंडहँड आहे, तिचे अर्धे गुणदोष आधीच्या मालकिणीचे, पाव माझे आणि उरलेले आमच्या हवेचे, कंपनीच्या वाटणीला फार थोडं येतं. पण लाँगआर्म, म्हणजे गोधड्या शिवायची मोठी मशीन, घेऊ की नको असं विचारणारे मेसेज सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साध्या शिलाई मशीनवर कापड आपण सरकवतो आणि खालचे दाते ते पुढे नेतात. लाँगआर्मला दाते नसतातच. गोधडी फ्रेमच्या रोलरांवर ताणून झोपलेली असते आणि अख्खी मशीन चाकांवर रुळावरून फिरते, आपण हँडल धरून पाटीवर गिरवल्यासारखी तिला फिरवायची. पुण्याच्या एका बाईंनी बुटीक बंद केलं त्यांच्याकडून घेतली, २ लाख ७० हजार आणि टेम्पोभाडं वेगळं. थ्रोट १८ इंच, म्हणजे सुईपासून मागच्या खांबापर्यंतची जागा, पण गोधडी रोलरवर गुंडाळत गेली की त्यातले १३-१४ इंचच हाताशी उरतात हे कोणी आधी सांगत नाही. फ्रेम १० फूट. आमचं घर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या अलीकडे, चिऱ्याचं, कौलारू, एवढी लांब वस्तू मावेल अशी जागा एकच, पडवी. फ्रेम जोडून झाली तेव्हा सासूबाई ओटीवरून बघत म्हणाल्या, "गो, ह्यां मशीन आसा काय होडी?"

पहिले तीन आठवडे मी रडकुंडीला आले होते. गोल काढायला जावं तर अंडं यायचं. हात सोडला की मशीन आपली आपण खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, बाजूला चालू लागायची. दर दहा मिनिटांनी वरचा दोरा तुटायचा, तोही उजवीकडून डावीकडे जाताना जास्त. मी काय केलं, सगळे करतात तेच, इंटरनेटवर बघून ठरवून टाकलं की टायमिंग गेलंय. टायमिंग म्हणजे सुई खाली जाऊन परत वर यायला लागली की दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, नेमक्या त्याच क्षणी खाली फिरणाऱ्या हूकचं टोक सुईच्या भोकाच्या जरा वर, मागच्या खोलगट भागात पोचायला हवं आणि तो फास पकडायला हवा. हे चुकलं तर टाके सुटतात. माझे टाके सुटत नव्हतेच, दोरा तुटत होता, पण तेवढा फरक कळायची अक्कल तेव्हा नव्हती.

मग बाहेरगावाहून मेकॅनिक आणला, गारमेंट फॅक्टरीतल्या मशिनी करणारा. माणूस वाईट नव्हता पण लाँगआर्म त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली आणि तसं कबूल करायला तो तयार नव्हता. हूकचे स्क्रू सोडले, टायमिंग हलवलं, जाण्यायेण्यासकट साडेचार हजार घेतले, आणि तो गेल्यावर दोरा तुटायचा तसाच तुटत राहिला, वर टाकेही सुटायला लागले. या सर्विसला शून्य स्टार. पण निम्मी चूक माझी, मीच त्याला "टायमिंग बघा" म्हणून बोलावलं होतं.

सुटका केली ती शेजारी न्हाणीघराचं काम करायला आलेल्या गवंड्याने. चहाला आला, मशीन आपोआप सरकताना बघितली आणि हसायला लागला. "पाणी जावक म्हणान उतार केलेलो, तुझा मशीन कसा रवतला?" अहो, पडवीच्या कोब्याला उतार असतोच की! पावसाची झड आत आली तर पाणी खळ्यात जावं म्हणून मुद्दाम दिलेला असतो, त्याच पडवीत मी पंधरा वर्षं केर काढतेय आणि डोक्यात आलं नाही. मी मोबाईलवरच्या लेव्हलच्या अ‍ॅपने फ्रेम "सरळ" करून ठेवली होती. त्याने पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक या पायाशी, एक त्या पायाशी, चारही कोपरे आणि मधला जोड असं सगळं मापलं आणि एका टोकाला पावणेदोन इंचांचा फरक काढून दाखवला. फ्रेमच्या पायांना उंची कमीजास्त करायचे बोल्ट असतात, त्यांच्या आवाक्यात तेवढं बसत नव्हतं म्हणून खाली स्टीलच्या पट्ट्या घातल्या, लाकडाच्या पाचरी नको म्हणाला, पावसात फुगतात आणि वाळवीला आमंत्रण. अर्ध्या तासाचं काम. पैसे घेतले नाहीत, एक बाळगोधडी घेऊन गेला नातवाला. या सर्विसला पाचपैकी सहा.

एक लक्षात ठेवा, चारी कोपरे बरोबर असले तरी १० फुटी फ्रेम मध्ये झोल खाऊ शकते, म्हणून मधेही मापायचंच. मशीन रुळावर कुठेही सोडली तरी जागच्या जागी थांबली पाहिजे, तीच खरी परीक्षा.

अंड्याचा गोल झाला पण दोरा तुटणं काही थांबेना. त्याचं कारण दोन महिन्यांनी कळलं, सुई. या मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, घरगुती मशीनच्या सुईसारखी एक बाजू चपटी नसते, त्यामुळे ती किंचित तिरकी बसली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. लांब खाच आपल्याकडे, खोलगट भाग मागे हूककडे. आता मी सुई घट्ट करायच्या आधी तिच्या भोकात एक टाचणी आडवी घालते, टाचणीचं डोकं सरळ माझ्याकडे बघत असेल तर सुई सरळ. एवढ्याशा गोष्टीने माझा ८० टक्के त्रास गेला. उरलेला गेला तो सुईच्या प्लेटमुळे, कधीतरी आधी सुई आदळून भोकाच्या कडेला बारीकशी खरखर आली होती, नखाला लागत नव्हती पण जुन्या नायलॉन साडीचा काठ फिरवला तर तिथे अडकत होता. अगदी बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढली. आणि टायमिंग परत जागेवर आणलं कंपनीच्या डीलरच्या मुलीने व्हिडिओ कॉलवर, दीड तास, नेटवर्क तीनदा गेलं, तरी तिने चिडचिड केली नाही. नव्या मशीनला हा आधार मिळतोच, जुनी घेताना डीलर बाहेरच्या गिऱ्हाइकाला मदत करतो का ते आधी विचारा, माझ्या मते हे किमतीपेक्षा महत्त्वाचं आहे.

आता काही बिघडलं की माझा क्रम ठरलेला. आधी सुई नवी. मग दोरा पूर्ण काढून परत ओवायचा, कारण टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, चकत्यांच्या मधे तो बसलेलाच नसतो बऱ्याचदा. मग कापडाचा ताण बघायचा, आपल्याला वाटतं ढोलकीसारखं कडक ताणलं की छान, उलट आहे, खालून बोट वर ढकललं तर वरून दुसऱ्या हाताने ते चिमटीत धरता आलं पाहिजे इतपत सैल हवं. मग बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी, काढून आतला कापसाचा भुगा ब्रशने साफ, हूकला तेलाचा एक थेंब, एकच. मग टेन्शन. गोधडी उलटी करून बघायची, खालचा दोरा तारेसारखा सरळ पडलेला आणि वरच्या दोऱ्याचे ठिपके खाली दिसत असतील तर वरचं ढिलं आहे. फक्त वळणांवरच पापण्यांच्या केसांसारखे फास दिसत असतील तर हात फार जोरात फिरतोय, टेन्शनला दोष देऊ नका. बॉबिनचं बघायचं तर केस तळहातावर ठेवून दोरा वर ओढायचा, केस उभी राहायला हवी पण तळहात सोडून उचलली जायला नको. स्क्रू फिरवायचा तो घड्याळाच्या काट्याची पाच मिनिटं इतकाच आणि खाली करवंटी धरून, तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि कोब्यावर पडला की गेला. एवढं सगळं करून टाके सुटतच असतील तर हॉपिंग फूटची, म्हणजे सुईबरोबर उड्या मारत कापड दाबणाऱ्या पायाची, उंची बघायची, जाड थराला तो जरा वर लागतो. टायमिंग सगळ्यात शेवटी, आणि स्वतः नाही.

टाके एकाच दिशेला लांबट येत असतील, म्हणजे आडवे ठीक पण उभे लांब, तर तो एन्कोडर असतो. स्टिच रेग्युलेटरला, म्हणजे टाके सारख्या लांबीचे ठेवणाऱ्या भागाला, मशीन किती सरकली ते दोन छोटी चाकं सांगतात, एक आडव्यासाठी एक उभ्यासाठी, त्यातलं एखादं रुळाला नीट टेकत नसेल किंवा त्याला दोरा गुंडाळला गेला असेल तर तो मोजणी चुकतो. मी हे माझ्या भाचीच्या बारशाच्या आदल्या रात्री शिकले.

आता हवा. आमच्याकडे समुद्र हाकेवर, पलीकडे शिरोड्याची मिठागरं, तीच १९३० च्या सत्याग्रहाची, हवेत मीठ आहे हे वेगळं सांगायला नको. पहिल्या पावसाळ्यात मी मशीनवर प्लास्टिक घातलं, दहा दिवसांनी उघडलं तर सुईच्या प्लेटवर आणि रुळावर तांबूस ठिपके. प्लास्टिकखाली ओल कोंडते. आता जुनी सुती चादर, रात्री चादरीखाली पण कापडापासून लांब एक जुना पिवळा बल्ब लावून, सुया आणि स्पेअर हूक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, आणि पावसाळ्यात काम असो नसो रोज दोन मिनिटं मशीन चालवून तेल. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड बोलले होते की हा दुसरा पावसाळा गंज न येता जाऊ दे, गेला, घड देऊन आले, पण श्रेय थोडं बल्बलाही द्यावं.

वीज. माझी मशीन अमेरिकेतून आलेली, ११० व्होल्टची. लेबल न बघता घरच्या सॉकेटला लावली असती तर २ लाख ७० हजाराचा धूर. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, इलेक्ट्रिशियनने लेबलवरचे वॅट बघून दुप्पट ताकदीचा घ्यायला लावला, शिवाय अर्थिंग नीट करून घेतलं. लाईट डोळा मारते तेव्हा रेग्युलेटर बंद पडतो आणि सुई कापडातच राहते, म्हणून यूपीएस. हे सगळं मिळून २३ हजार गेले, विकणाऱ्या बाई "फक्त प्लग लावा" म्हणाल्या होत्या.

बाकी सामानात काय घ्यावं, बॉबिन कमीत कमी पंचवीस, आणि आपल्या मशीनला एम साईज लागते की एल ते बघून, एम मोठी असते. एक जास्तीची बॉबिन केस. सुया १६ आणि १८ नंबर, १८ जुन्या साड्यांच्या थरांसाठी. रूलर घ्यायचा तर लाँगआर्मचाच, ६ मिलिमीटर जाड, मी शाळेची पट्टी धरली होती, ती हॉपिंग फूटच्या खाली सरकली आणि सुईचे दोन तुकडे, एक आजतागायत सापडला नाही. रूलरला टेकायला मशीनच्या तळाशी लावायचा रुंद बेसही लागतो. लेझर लाईट घेऊ नका, मी घेतला, कागदावरची नक्षी मागून गिरवायला असतो, माझ्याकडे मागे उभं राहायला जागाच नाही, भिंत आहे.

आणि गोधडीचं काय? सासूबाई धावदोऱ्याने एक गोधडी दीड महिन्यात करायच्या, मी हिच्यावर दिवसाला एक काढते, गणपतीला आलेले चाकरमानी परत जाताना घेऊन जातात आणि होमस्टेवाल्यांच्या ऑर्डरी वेगळ्या. पण मऊपणा? सासूबाईंनी पहिली गोधडी हातात घेऊन "कडक" एवढंच म्हटलं आणि त्या बरोबर होत्या. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, घट्ट, जवळजवळ नक्षी भरली की गोधडी पुठ्ठा होते. आता इंचाला ८ टाके, दोन ओळींत दोन-अडीच इंच अंतर, आणि नक्षी कमी. जुन्या साड्या घेताना जरीचे काठ आधी उसवायचे, जरीची तार सुईची धार तासाभरात घालवते. नायलॉन आणि सुती एकाच थरात नको, एक सरकतं, एक नाही. खालचं अस्तर चारी बाजूंनी चार-चार इंच मोठं.

तर मशीन पाचपैकी साडेतीन. घर सपाट असेल, डीलर फोन उचलत असेल आणि महिन्याला दहा-बारा गोधड्या खपत असतील तर घ्या, वर्षाला चार करायच्या असतील तर हाताने करा, तुमच्याच गोधड्या जास्त मऊ होतील. अर्धा मार्क मी आणखी दिला असता, पण विकताना फ्रेमचे चार बोल्ट कमी दिले आणि ते इंची मापाचे आहेत, कुडाळला सगळी हार्डवेअरची दुकानं पालथी घातली, सगळीकडे मिलिमीटरचेच. तीन मुंबईहून मागवले. चौथ्याच्या जागी सध्या सुंभ बांधलाय.