लक्ष टिकत नाही, की आवाज सहन होत नाही? आधी कोणाकडे जायचं

तिसरीच्या माझ्या वर्गात दोन मुलं होती. दोघांच्या घरी आम्ही एकच तक्रार कळवली होती: एका जागी बसत नाही, वही अपुरी राहते.

मुलगा फळ्यावरचं उतरवताना तिसऱ्या ओळीला थांबायचा. शेजाऱ्याचं खोडरबर, खिडकीतला कावळा, काहीही पुरायचं. वर्ग शांत असला तरी तेच, आणि घरी जेवतानाही तेच. मुलगी शांत वर्गात पानभर सुरेख लिहायची. पण मधल्या सुट्टीत डबे वाजायला लागले, की कानांवर हात ठेवून बाकाखाली जायची. मोजे रोज उलटे घालून यायची, कारण आतली शिवण बोटांना टोचायची.

दोघांत फरक इथे होता. एडीएचडीत, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकासातल्या अडचणीत, लक्ष जवळपास सगळीकडे निसटतं. निदानासाठी डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, लक्ष न टिकण्याची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान सहा लक्षणं, ती सहा महिने टिकलेली, वयाच्या बाराव्या वर्षाआधी त्यातली काही दिसलेली आणि घर-शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी, अशी अट आहे. संवेदनांच्या अडचणीत मात्र बहुतेकदा ठरावीक कारण सापडतं: आवाज, स्पर्श, वास, गर्दी. ते दूर केलं की मूल स्थिरावतं.

घोळ होतो तो तिसऱ्या प्रकारच्या मुलांबाबत. गादीवर धडाधड उड्या मारणारी, कॉलर चावणारी, गोलगोल फिरणारी मुलं उलट जास्त संवेदना शोधत असतात आणि हुबेहूब अतिचंचल दिसतात. शिवाय एकाच मुलात दोन्ही अडचणी असू शकतात.

उपचारांच्या पुराव्यात मोठी तफावत आहे. एडीएचडीसाठी पालकांचं प्रशिक्षण, वर्गातले बदल आणि सहा वर्षांपुढे गरज असल्यास मिथाइलफेनिडेटसारखं औषध, यांना भक्कम आधार आहे. संवेदनांवरची थेरपी जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाच्या) कामातून उभी राहिली. तिचा पुरावा अजून मर्यादित आहे. संवेदनांच्या या अडचणीला दिलं जाणारं 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे नाव डीएसएम-५ मध्ये स्वतंत्र निदान नाही, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच ते निदान म्हणून वापरू नका असं सांगितलं. पण म्हणून मोज्याची शिवण टोचत नाही असं होत नाही. त्या मुलीचा त्रास खरा होता.

माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर आधी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ. तिथेच कान, डोळे, झोपेतलं घोरणं, रक्तातलं लोह यांची चौकशी होते. संवेदनांचा त्रास ऑटिझमचा भाग आहे का, तेही बघतात. तपासणीआधीच थेरपीच्या पन्नास सेशनचे पैसे भरू नका. जाताना दोन आठवड्यांची वही न्या: बिनसलं तेव्हा किती वाजले होते, आसपास काय चाललं होतं.

अभ्यास ठीक आहे, पण कपडे, नखं कापणं, जेवणातला लगदा यांवरूनच रोज रडारड होते, असं असेल तर थेट ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठायला हरकत नाही. पहिल्याच दिवशी मोजता येईल असं उद्दिष्ट लिहून घ्या, जसं "रडल्याशिवाय नखं कापून घेईल", आणि तीन महिन्यांनी ते झालं का बघा. त्या मुलीला आम्ही डबा खायला ग्रंथालयात बसवायला लागलो, सोबत एक मैत्रीण. बाकाखाली जाणं पंधरा दिवसांत थांबलं. मुलाला मात्र जागा बदलून काही उपयोग झाला नाही. त्याला डॉक्टरांचीच गरज होती.