१८६१ ची निवडणूक: इटलीची घ्यावी की प्रशियाची?

मर्यादित मताधिकारावर शोधनिबंध लिहायचा आहे आणि युरोपातली एकच निवडणूक निवडायची आहे, असं विचारणाऱ्याला मी १८६१ कडे वळवतो. त्या वर्षी इटलीतही मतदान झालं आणि प्रशिया या मोठ्या जर्मन राज्यातही. सामान्य माणसाला सत्तेपासून लांब ठेवण्याच्या दोघांच्या तऱ्हा मात्र अगदी निराळ्या.

इटलीत दारच बंद होतं. वय २५, लिहिता-वाचता येणं आणि बहुतेकांसाठी वर्षाला ४० लिरा कर, एवढं असेल तरच पुरुषाला मत. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकवस्तीत मतदार दोन टक्केसुद्धा नव्हते. त्यातही 'ना निवडून येऊ, ना निवडून देऊ' अशी हाक कट्टर कॅथलिकांकडून उठली होती. एकीकरणाचा सूत्रधार पंतप्रधान कावूर याच्या बाजूला बहुमत मिळालं, तेव्हाची राजधानी तूरिनला संसद भरली, १७ मार्चला इटलीचं राज्य जाहीर झालं. गोष्ट सरळ आहे, लहान निबंधात नीट मावते.

प्रशियात दार उघडं होतं, पण आत गेल्यावर मताचं वजन कराच्या पावतीवर ठरायचं. २४ वर्षांवरच्या बहुतेक पुरुषांना मत होतं. मतदारांची यादी कराच्या उतरत्या क्रमाने लावून, प्रत्येक वर्गाच्या वाट्याला एकूण कराचा एक तृतीयांश येईल असे तीन वर्ग पाडत. प्रत्येक वर्गाने सारखेच निर्वाचक निवडायचे आणि त्या निर्वाचकांनी मग प्रतिनिधी. १८४९ च्या पहिल्या मतदानात वरच्या वर्गात पाच टक्केही मतदार नव्हते, तिसऱ्यात ऐंशीहून जास्त. भरीला मत तोंडी आणि सर्वांदेखत सांगायचं. जमीनदाराच्या डोळ्यांसमोर शेतमजूर मनातलं नाव कसं घेणार?

आणि तरीही १८६१ च्या डिसेंबरात ही रचना सरकारवरच उलटली. शहरांतल्या पैसेवाल्यांत उदारमतवादी पुष्कळ होते. त्यांच्या जोरावर जूनमध्येच स्थापन झालेला प्रगती पक्ष सभागृहातला सर्वांत मोठा गट ठरला. लष्करी सुधारणांच्या खर्चावरून सभागृहाचा राजाशी आधीच सुरू असलेला वाद आता पेटला.

म्हणून वेळ कमी असेल, राष्ट्रनिर्मितीत रस असेल, तर इटली घ्या. मताधिकाराची यंत्रणा आतून कशी चालते हे समजून घ्यायचं असेल, तर प्रशियाच. माझा कौलही तिलाच. मात्र डिसेंबरवर थांबू नका: मार्च १८६२ मध्ये सभागृह बरखास्त झालं, मे महिन्यात उदारमतवादी आणखी बळावून परतले आणि सप्टेंबरात राजाने सरकार चालवायला बिस्मार्कला बोलावलं. निबंधाचा शेवट तिथे ठेवा.