दहा रुपयांचा प्रश्न : माहिती अधिकार अर्जाच्या सेवेचे परीक्षण

सरकारी कार्यालयाला प्रश्न विचारण्याचा दर महाराष्ट्रात आजही दहा रुपये आहे, आणि या किमतीत मिळणारी सेवा कागदावर तरी अतिशय उदार आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या माहिती अधिकार कायद्यानुसार माहिती कशासाठी हवी आहे हे अर्जदाराला सांगावे लागत नाही, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे हस्तांतरित करणे हे अधिकाऱ्याचेच काम आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तर दहा रुपयेही द्यावे लागत नाहीत. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच स्वतःचा असा कायदा केला होता, तेव्हा या सेवेकडून येथील नागरिकाची अपेक्षा थोडी अधिक असणे स्वाभाविक आहे.

अर्ज दोन प्रकारे करता येतो. राज्य शासनाच्या ऑनलाइन संकेतस्थळावर विभाग निवडून, मजकूर लिहून आणि शुल्क भरून नोंदणी क्रमांक मिळवता येतो. ज्यांचे कार्यालय त्या यादीत नाही त्यांनी जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात कागदी अर्ज लिहून त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवावा आणि आवक-जावक विभागातून पोच अवश्य घ्यावी. ऑनलाइन अर्जाला तारखेचा पुरावा आपोआप मिळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

या सेवेचे खरे वैशिष्ट्य, आणि खरी अडचणही, प्रश्नाच्या रचनेत आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपेक्षा अधिक असू नये, अशी अट आहे. ही अट जाचक वाटली तरी मला ती अर्जदाराच्या हिताची वाटते, कारण तक्रारीचा इतिहास सांगण्यातच बहुतेकांची दोन पाने खर्च होतात आणि मूळ मागणी शेवटच्या ओळीत हरवते. त्याहून महत्त्वाचे असे की हा कायदा ‘का’ या प्रश्नाला उत्तर देत नाही. कायद्यातील माहितीच्या व्याख्येत एखाद्या निर्णयाचे समर्थन मागणारे ‘का’ बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २००८ साली स्पष्ट केले. कार्यालये या मुद्द्याचा आधार सढळपणे घेतात. ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ हे वाक्य अनेक अर्जदारांच्या परिचयाचे आहे.

मात्र ‘का’ चे उत्तर या मार्गाने मिळतच नाही, असे नव्हे. ‘आमच्या गल्लीतील रस्ता एका पावसाळ्यात का उखडला?’ असे विचारल्यास नकार ठरलेला. परंतु त्याच कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंदी, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधीविषयीचे (म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीचे) करारातील कलम यांच्या साक्षांकित प्रती मागितल्यास, किती जाडीचा थर मंजूर होता, किती मोजला गेला आणि दुरुस्ती अजून ठेकेदाराच्याच खर्चाने करून घेता येते का, हे सारे प्रतींवरूनच वाचता येते. जाब विचारण्याऐवजी कागद मागण्याची ही शिस्त अंगवळणी पडली की सेवेची उपयुक्तता कितीतरी वाढते. दुर्दैवाने ती शिकवण्याची सोय सेवेत कोठेही नाही, आणि त्यामुळे कार्यालयात कोणते कागद तयार होतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तिचा पूर्ण लाभ मिळतो. एखादी शेतकरी महिला किंवा पहिल्यांदाच अर्ज करणारा विद्यार्थी ‘नस्ती’ (फाईल) आणि ‘टिपणी’ (फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे) हे शब्द कोठून आणणार?

उत्तराचा दर्जा कार्यालयागणिक बदलतो. काही जन माहिती अधिकारी (अर्जांना उत्तर देण्यासाठी कार्यालयात नेमलेले अधिकारी) मुदतीच्या आत, पृष्ठक्रमांक घालून प्रती देतात. प्रत्येक पानाला दोन रुपये हा दरही रास्त आहे. काही ठिकाणी मात्र ‘निरंक’ (म्हणजे काही माहिती नाही) एवढ्या एका शब्दावर बोळवण होते. उत्तर वेळेत न आल्यास पुढे माहिती विनामूल्य द्यावी लागते, तसेच अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण हा दंड राज्य माहिती आयोगाने लावायचा असतो आणि सेवेची सर्वांत दुबळी बाजू तेथेच आहे. वीस रुपये भरून करायच्या पहिल्या अपिलाला ३० किंवा फार तर ४५ दिवसांची मुदत आहे. आयोगाकडील दुसऱ्या अपिलाला कायद्यात मुदतच नाही. प्रलंबित प्रकरणांच्या ढिगात ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते आणि तोवर उखडलेल्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपून जातो.

आणखी एक घसरण नोंदवली पाहिजे. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे वाक्य मूळ कायद्याच्या कलम ८ मध्ये होते. आमदाराचा तारांकित प्रश्न आणि सामान्य माणसाचा अर्ज यांना ते एका पातळीवर आणत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने ते वगळले. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद शिल्लक असली तरी ते हित सिद्ध करून दाखवण्याचे ओझे आता व्यवहारात अर्जदारावर येईल.

पाचपैकी गुण द्यायचे तर अर्ज आणि शुल्काच्या व्यवस्थेला मी चार देईन, उत्तरांना तीन आणि दुसऱ्या अपिलाला एक. ज्यांना मोठी नस्ती चाळायची आहे त्यांनी सगळ्या प्रती मागण्यापेक्षा अर्जातच ‘अभिलेखाची पाहणी’ मागावी. पहिल्या तासाला शुल्क नाही आणि हवी तेवढीच पाने निवडून घेता येतात. जाताना अर्जाची पोच आणि ओळखपत्र सोबत ठेवावे.