मुळं शोधायला रेकयाविक की होफ्सोस?

१८७० ते १९१४ दरम्यान हजारो आइसलँडकर कॅनडा-अमेरिकेला गेले. १८७५च्या आस्क्या ज्वालामुखीच्या राखेनं तर पूर्वेकडची कुरणंच झाकली होती. त्या स्थलांतरितांच्या पणतवंडांनी मुळं शोधायला आता कुठे जावं? राजधानी रेकयाविक सोयीचं, संग्रहालयंही भरपूर. पण 'इस्लेंडिंगाबोक' ही ऑनलाइन वंशावळ आइसलँडच्या ओळख क्रमांकाशिवाय उघडत नाही. म्हणजे पाहुण्याला दार बंदच!

माझं मत उत्तरेतल्या होफ्सोसला. गाडीनं चारेक तास लागतात, पण तिथलं स्थलांतर केंद्र १९९६पासून याच कामाला वाहिलेलं आहे. बहुतेकांचं आडनाव वडिलांच्या नावावरून बनतं आणि पिढीगणिक बदलतं, त्यामुळे पूर्वजांच्या शेताचं नाव हाताशी असलेलं बरं. शिवाय फ्योर्डकाठी, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीकाठी, गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव आहे. गावकऱ्यांशी गप्पा तिथेच जमतात. जायचं मात्र उन्हाळ्यात, हिवाळ्यात रस्ते बर्फानं अडतात.