पायरिडोस्टिग्मिन ६० मिलिग्रॅम : दीड वर्षाचा अनुभव

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला सुईला दोन-दोन नेढी दिसायला लागली तर? मी आधी चष्मा बदलला. मग दिवस कलला की डावी पापणी खाली यायला लागली. रात्री अर्धी भाकरी खाईतो जबडा इतका थकायचा, की हनुवटीला हात लावून चावायचं. न्यूरोच्या डॉक्टरांनी हातमोज्यात बर्फ भरून पापणीवर दोन मिनिटं धरला. काढला तर पापणी वर! पुढे रक्ताची तपासणी झाली आणि नाव कळलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस.

तेव्हापासून ही गोळी चालू आहे. अर्ध्या-पाऊण तासात डोळा उघडतो, तीन-चार तास टिकतो. काजं, हुक, कटोरीची शिवण असलं बारीक काम मी त्या वेळातच उरकते. इस्त्री नंतर.

माझी मुलगी फार्मसीला आहे, तिने समजावलं. नस आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मधली फट ओलांडून हुकूम पोचवतं ते असिटिलकोलीन. ते माझ्यात कमी नाहीच. ते जिथे जाऊन बसतं त्या स्नायूवरच्या जागाच माझ्या शरीराने मोडून ठेवल्यात. काम झालं की एक एन्झाइम असिटिलकोलीनचा लगेच फडशा पाडतं. गोळी त्या एन्झाइमला आवरते, मग उरलेल्या जागांवरच भागतं. १९३४ मध्ये ग्रिनिचच्या मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंना या आजारात आणि स्नायू लुळे पाडणाऱ्या क्युरारे या विषाच्या बाधेत साम्य दिसलं, म्हणून त्यांनी त्या विषावरचा उतारा, फायसोस्टिग्मिन, रोग्याला देऊन पाहिला. माझी गोळी त्याच घराण्यातली.

आता तक्रार. आतडी आणि लाळसुद्धा असिटिलकोलीनच चालवतं. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पोटी घेतली आणि गिऱ्हाइकाचं माप घेता घेता टेप टाकून पळाले. मुरडा म्हणजे काय ते तेव्हा कळलं! आता दोन बिस्किटं खाऊन घेते. शिवाय गल्लीतल्या मेडिकलवाल्याने ‘उद्या येईल’ म्हणत चार दिवस लोंबकळत ठेवलं, त्यामुळे एक पाकीट जास्तीचं ठेवते. आणि आजार हिने जात नाही, त्यासाठी स्टिरॉइड वेगळं. काही अँटिबायोटिक्सनी हा आजार बळावतो, म्हणून सर्दी-तापाच्या डॉक्टरांनाही मी आधी आजाराचं नाव सांगते.

पाचपैकी चार. एक मुरड्याचा कापला. रात्रीची गोळी जेवणाआधी अर्धा तास घेते. काल दीड भाकरी खाल्ली, हनुवटीला हात न लावता.