ट्रेकच्या किटात कोणता गॉज, केओलिनचा की कायटोसनचा?

मागच्या पावसाळ्यात राजगड उतरताना ग्रुपमधल्या एकाची पोटरी दगडावर अशी फाटली की साधी पट्टी दोन मिनिटांत लालभडक, पुण्यात येऊन टाके पडेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. तेव्हापासून किटात रक्त थांबवणारा गॉज (औषध लावलेलं जाळीदार पट्टीचं कापड) ठेवायचं ठरलं आणि वाद सुरू झाला, कोणता?

केओलिन म्हणजे चिनी माती हो, तीच, कपबशीवाली. ती गॉजला लावलेली असते आणि रक्तातला फॅक्टर १२ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) जागा करते, म्हणजे गुठळी शरीरच करतं, माती फक्त डिवचते. अमेरिकन सैन्य २००८ पासून हाच वापरतंय. त्याआधी झिओलाइट या खनिजाची पावडर होती, ती इतकी तापायची की जखम भाजायची, केओलिनला तो त्रास नाही.

कायटोसन येतं कोळंबी-खेकड्याच्या कवचातून. त्यावर धन भार, तांबड्या पेशींवर ऋण, त्यामुळे पेशी त्याला चिकटतात आणि चिकट बूच तयार होतं. यात शरीराच्या गुठळी-यंत्रणेवर फारशी भिस्त नाही, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी मला हाच बरा वाटतो, आणि आमच्यात तसे दोन काका आहेतच. कोळंबीची ॲलर्जी असेल तर मात्र पाकीट नीट वाचा.

दोन्ही महागच. आणि नुसता वर ठेवून उपयोग शून्य, जखमेत आतपर्यंत कोंबायचा आणि घड्याळ लावून किमान ३ मिनिटं दाबून धरायचा, मधे उचलून बघायचं नाही! पोटात-छातीत मात्र कोंबायचा नाही, तिथे सरळ १०८.

आम्ही कायटोसन घेतला.